रंगाचा अजून एक हात

जयदेवकाका वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

घणसोली गावात त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. माझा नवरा रबाळ्याच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा आणि मी घरी ब्लाउज शिवायची. मशीन खिडकीपाशी होतं, त्यामुळे खाली अंगणात काय चाललंय ते मला नको असलं तरी दिसायचं. काकांचे वडील मिठागरावर राबले आणि उरलेल्या वेळात खाडीत जाळं टाकत राहिले. काका मात्र मिसरूड फुटल्यावर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून चिकटले, ते कंपनीला कुलूप लागेपर्यंत.

त्यांचा हात फार चांगला होता, पण त्या हाताला थांबायचं कुठे ते कळत नव्हतं. आमच्या जिन्याला कठडा नव्हता, कारण कठड्याच्या सळ्या काका कानस मारून सारख्या करत होते. आम्ही राहायला आलो तेव्हापासून करत होते. मी पोटुशी असताना भिंत धरून चढ-उतार केली, आणि प्रत्येक पायरीला त्यांच्या नावाने एक शिवी मनात दिली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "होतंय. जरासं राहिलंय." गावातले लोक म्हणत, जयदेवने बारशाला पाळणा करायला घेतला तर पोर पाळण्यापर्यंत चालत येईल. त्यांची एकुलती एक मुलगी रुतिका, करंजाला दिलेली, ती हसत सांगायची की तिचा पाळणा अजून पोटमाळ्यावर बिनरंगाचा पडलाय.

काकींचं नाव दमयंती. माहेर शिरवण्याचं. काकी काकांच्या अगदी उलट. भाकरी थापायला घेतली की तव्यावर पडलीच म्हणून समजा. लग्न झालं तेव्हा काकांकडे जावा होती, कंपनीतल्या एका साहेबाकडून घेतलेली. गावातली पहिली मोटारसायकल. पाचपरतावणाला, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना, काका तिला त्या जावावर बसवून शिरवण्याला घेऊन गेले. काकी सांगायची, "आमच्या आलीतली पोरं मागं धावत व्हती. माजा बापूस ओटीवरना उठून उबा राह्यला, त्याला वाटला कुनी साहेब आला." हे सांगताना ती पदर सावरायची, जसं काही वारा अजून लागतोय.

पुढे रुतिका झाली, संसार वाढला, काकांना कंपनीची बस मिळाली आणि जावा मागच्या पडवीत जुन्या जाळ्यांखाली गेली. खाडीची हवा लोखंडाला सोडत नाही. मी पाहिली तेव्हा तिचा रंग कुठला होता ते सांगता आलं नसतं. मडगार्डला बोट लावलं तर पापुद्रा हातात यायचा.

कंपनी बंद पडली त्याच वर्षी काकींचे डोळे बिघडले. आधी सगळ्यांना वाटलं मोतीबिंदू असेल, पिकला की काढतील. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा काचबिंदू आहे, आणि बराच पुढे गेलाय. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालत राहायचं, आहे ती जितकी टिकेल तितकी टिकेल. काकींना नेणारी मीच होते. परतताना मी विचारलं, आता कसं दिसतं. ती म्हणाली, "बांबूच्या नलीतून बगतंय असा. समोरचा तेवडा दिसते, बाजूला काला."

त्या संध्याकाळी काका ओटीवर काकीशेजारी येऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "एकवीरेला जाऊन येऊ? तुला आईचं दर्शन करवतो."

काकी म्हणाली, "आई मना डोले मिटून बी दिसते. मना ती गाडी बगायची हाय. पयली व्हती तशी."

दुसऱ्याच दिवशी काकांनी जाळी बाजूला केली.

सुरुवातीला मला बरं वाटलं. रिकामा बसलेला माणूस नाक्यावर जाऊन पत्ते कुटतो किंवा बाटली धरतो. त्यातलं काही न करता हा माणूस अंगणात गोणपाट पसरून बसला. एकेक नट रॉकेलमध्ये भिजवायचा, सुटला नाही तर उद्या परत, पण जोर लावून मोडायचा नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या डब्यात. सांगाडा, टाकी, दोन्ही मडगार्ड, हेडलाइटचं खोकं, सगळं वेगवेगळं झालं तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हँडल, सायलेन्सर आणि चाकांच्या रिंगा दिघ्याला एकाकडे क्रोम करायला गेल्या. इंजिन नावड्याच्या अय्युबभाईंकडे. अय्युबभाईंचं छोटंसं लेथ मशीन होतं आणि जुन्या जावाची नाडी त्यांना ठाऊक होती. त्यांनी सिलिंडर बोअर करून दिला, नवीन पिस्टन बसवला, क्लचच्या प्लेटी बदलल्या. ते वेळेत झालं, कारण ते काकांच्या हातात नव्हतं.

रंगकाम मात्र काकांनी स्वतःकडे ठेवलं. पडवीला ताडपत्रीचा पडदा लावला आणि जाहीर केलं की पुरी झाल्याशिवाय कुणी बघायची नाही. काकीने तर नाहीच.

आता पाण्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घणसोली खाडीला लागून. घरामागची विहीर मचूळ. त्या पाण्याने भांडी घासायची, कपडे धुवायचे, पण तोंडात धरवत नसे. गोडं पाणी नळाला सकाळी थोडाच वेळ. त्याआधीच्या काळात तर काकांची आई डोंगराच्या पायथ्यापासून डोक्यावर हंडे आणायची. त्यामुळे त्या घरात एक शिस्त हाडात मुरलेली होती: गोडं पाणी तोंडाला, खारं पाणी हाताला. स्वयंपाकघरात निळं पिंप होतं, त्यावर काकींचा पहारा. डोळे अधू झाले तरी आत हात घालून ती पाणी किती उतरलं ते सांगायची. मी नवीन असताना त्या पिंपातल्या तांब्याने एकदा पाय धुतले. काकी माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती, आणि काका मला समजवायला जिना चढून आले होते. "लहानपनी मी असा केला व्हता," ते म्हणाले, "तवा मना आयनं रातचा जेवन दिला नाय."

तर काकांनी टाकी, मडगार्ड, सांगाडा आधी अ‍ॅसिडने साफ केले. गंज गेला, पत्रा रुपेरी दिसू लागला. मग ते सगळं धुतलं, विहिरीच्या पाण्याने. उन्हात वाळवलं, वर तांबूस धूळ धरली ती रॉकेलच्या फडक्याने पुसली, आणि रेड ऑक्साइड मारलं. त्यावर खड्डे बुजवायला लांबी भरली. लांबी घासली ती पाणी लावून. मग मरून रंगाचा पहिला हात. तो वाळला की पाणी लावून पॉलिश पेपर, की दुसरा हात. पुन्हा पाणी, पुन्हा पेपर. बादली शेजारीच असायची, दर वेळी विहिरीतून ताजी भरलेली. मी खिडकीतून बघायची आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या गावात कुणालाच वाटलं नसतं. प्यायचं पाणी लोखंडावर ओतणारा माणूस आम्हाला वेडा वाटला असता.

ज्येष्ठातल्या एका दुपारी ब्लाउजचं माप विचारायला मी खाली गेले तर पडदा वर होता. टाकी आणि मडगार्ड वाशाला तारेने टांगलेले. त्यांच्याकडे बघून मी ब्लाउज विसरले. इतका खोल, शांत लाल रंग मी लोखंडावर कधी पाहिला नव्हता. टाकीत माझा चेहरा दिसत होता, माझ्या मागचं दार दिसत होतं, दाराबाहेरचं ऊन दिसत होतं.

मी म्हटलं, "काका, काकीला आत्ता बोलवा."

"नुसती टाकी काय बगायची? गाडी उबी तरी राहू दे."

"उभी राहील तेव्हा राहील. काल तिनं माझ्या हातातली लाल लेस ओळखली. आज तिला रंग दिसतोय. उद्याचं कुणी सांगावं?"

काका टाकीच्या डाव्या अंगाला डोकं वाकडं करून बघत होते. "ह्यो बग. हितं ओघल आलाय."

मला काही ओघळ दिसला नाही. खूप वाकून, प्रकाशात तिरकं बघितल्यावर केसाएवढं काहीतरी होतं.

"अजून एक हात मारतो," काका म्हणाले. "मग सोनेरी लायनिंग. मग दाखवतो."

तेव्हा मी तोंड सोडलं. तुम्हाला रंग द्यायचाय की तिला दाखवायचंय, ते एकदा ठरवा म्हटलं. माझ्या जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळं काढलं. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "मीना, पाचपरतावनाला नेली तवा गाडीला एक डाग नवता. अर्धीमुर्धी दाखवून तिच्या डोल्यात तीच राह्यली तं? परत पुसता येल काय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला.

आमचं बोलणं आत ऐकू गेलं होतं. काकीने स्वयंपाकघरातून हाक दिली, "बगू द्या ना जराशी."

"दसऱ्याला," काका म्हणाले.

"कुटल्या सालच्या?" काकीने विचारलं आणि स्वतःच हसली. मी तिला हाताला धरून आणायला आत गेलेच होते. पण ती उठली नाही. म्हणाली, "राहू दे गो. कंपनी गेल्यापासना मानूस पयल्यांदा खुशीत हाय. हुरूप कनाला मोडायचा?"

आणि तिने चुलीतली राख हाताने चाचपून एका बाजूला लोटली.

अजून एक हात झाला. मग ओघळ गेला पण उजवीकडे धुळीचा कण सापडला, म्हणून पुन्हा पेपर, पुन्हा बादली, पुन्हा हात. सोनेरी रेघ काकांनी बारीक ब्रशने ओढली, पुसली, ओढली. पावसाळा लागला. इंजिन नावड्याहून आलं, क्रोमचा माल दिघ्याहून आला, आणि पडद्याआड गाडी एकेक करून उभी राहू लागली. वर माझ्या मशीनचा आवाज, खाली त्यांच्या पान्यांचा. काकी मधल्या खोलीत बसून दोन्ही ऐकायची. गणपतीत रुतिका आली तेव्हा काकीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून खिडकीकडे वळवला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग सोडून दिला. त्यानंतर तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

काकांनी त्या दिवसापासून हात जोरात चालवला. पण तेव्हा जोर करून काय उपयोग होता?

भाद्रपद संपता संपता एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. एरवी कुणाला बोलवायचे नाहीत. टाकीवर डाव्या अंगाला मोहरीएवढे फुगवटे आले होते. एक-दोन नव्हेत, पुरळ उठावं तसे पसरलेले. काकांनी एकावर नख दाबलं. रंगाची कातडी फुटली आणि खालून तांबडं पाणी आलं. मडगार्डलाही तेच. सांगाड्यालाही.

अय्युबभाई बोलावल्यावर त्याच दिवशी आले. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, फुटलेल्या फोडाला बोट लावलं आणि ते बोट जिभेला लावलं.

"जयदेवशेट, पाणी कुठलं वापरलंत?"

"हिरीचं."

"अ‍ॅसिड धुवायला पण?"

"धुवायला पन. पेपर मारायला पन."

अय्युबभाईंनी बोट फडक्याला पुसलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मीठ आत राहिलं. प्रत्येक हाताखाली तुम्ही थोडं थोडं मीठ ठेवत गेलात. दमट हवेत ते पाणी ओढतं. नळाच्या पाण्यानं धुतलं असतंत तर काही झालं नसतं."

"आता?"

"आता पत्र्यापर्यंत सगळं उतरवायचं. परत पहिल्यापासून."

जितके जास्त हात तितकं जास्त मीठ. दोन हातांवर थांबले असते तर कदाचित एवढं झालं नसतं, हे अय्युबभाईंनी मला निघताना जिन्यापाशी सांगितलं. काकांना सांगितलं नाही. त्यांना ते न सांगता कळलं होतं; चेहऱ्यावर दिसत होतं. ते पडवीत उकिडवे बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून, आणि ते हात पहिल्यांदाच काही करत नव्हते. मला त्यांची दया आली आणि लगेच पुन्हा संताप आला, आणि मी वर जाऊन मशीनवर बसले पण एक टाका सरळ पडेना.

दसरा आठवड्यावर आला होता. काका वर आले, बिनकठड्याच्या जिन्याने, आणि दारातच उभे राहून म्हणाले, "तिला फोड दिसनार नाईत. तिला काय सांगू नको."

मी म्हटलं, "मी आपणहून बोलणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

त्यांनी मान हलवली.

दसऱ्याला सकाळी पडदा निघाला. अंगण सारवलेलं, गाडीला झेंडूचा हार. लांबून खरंच डोळे दिपत होते. सायलेन्सर आणि रिंगा दिघ्याहून आल्या तशाच झळकत होत्या. शेजारचे लोक आले, जवळ गेले, फोड बघितले आणि कुणी चकार शब्द काढला नाही. काकी लुगडं नेसून, एका हाताने माझा खांदा धरून बाहेर आली; हळदी-कुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. काकांनी तिचं मनगट धरलं आणि हात हँडलवर ठेवला. मग हेडलाइटच्या रिंगणावर.

"बग. कसा गुलगुलीत."

"थंड हाय," काकी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. तिने हेडलाइटला हळद-कुंकू लावलं.

"चल, आता बस खुर्चीत," काका म्हणाले. "पाय दुकतील."

"टाकीला नाय लावला."

"मी लावतो."

"तुमी कशे लावाल? गाडीची पूजा सवाशिनीनं करायची." तिने मनगट सोडवून घेतलं, कुंकवात पाच बोटं बुडवली आणि हात पुढे केला. टाकी कुठे असते ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बोटं टाकीला लागली आणि थांबली. मग हळूहळू खाली सरकली, पुढे गेली, मागे आली. लाल रंगावर कुंकवाच्या वेड्यावाकड्या रेघा उमटत गेल्या.

"फोड आलेत," काकी म्हणाली.

काकांनी गाडीवरचा हार उगाच सारखा केला.

"कवा आले?"

"भादव्यात."

"म्हंजे जेठात नवते."

"नवते."

"जेठात मना लाल दिसत व्हता." ती हे रागाने म्हणाली नाही. हिशेब लावावा तसं म्हणाली. मग विचारलं, "कशानं आले?"

"पान्यानं. हिरीच्या खाऱ्या पान्यानं धुतली."

"पिंपातला नाय घेतला?"

"तुजा गोडा पानी लोकंडावर कसा वतू?"

"मांगितला असता," ती म्हणाली, "तं सगला पिंप दिला असता."

शेजारचे लोक एकेक करून निघून गेले. मीही जायला हवं होतं, पण काकीचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. तिने कुंकवाची बोटं पदराला पुसली.

"बरं," ती म्हणाली. "जेठात कशी दिसत व्हती ते तरी सांगा."

काका पुढे आले. घसा साफ केला. "जेठात लायनिंग नवती जाली. डाव्या अंगाला ओघल आलता, केसायेवडा. त्यो पेपर मारून काडला. मग उजव्या अंगाला कन दिसला..."

"ते नाय. दिसत कशी व्हती?"

"मडगार्डच्या कडेला जरा रंग पातल बसला व्हता..."

"आवं, गाडी कशी दिसत व्हती?"

काका टाकीकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते खरंच आठवत होते, मनापासून, आणि त्यांना ओघळ आठवत होता, कण आठवत होता, पातळ कडा आठवत होती.

"मना नाय सांगता येत," शेवटी ते म्हणाले. "मी डागच बगत व्हतो."

काकीने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि ती भिंत चाचपत घरात गेली.